गल्याथाची पाळी

तापलेल्या यंत्रातल्या धुळीचा वास आला की जिंतूरच्या प्रार्थनाघरातला तो कॉम्प्युटर आठवतो. संडे स्कूलच्या बाईंनी त्यावर खेळ आणला होता: आधी बायबलमधलं वचन न चुकता म्हणायचं, मग बटण दाबून दाविदाच्या गोफणीनं धिप्पाड गल्याथ पाडायचा. मी आठवडाभर वाट पाहिलेली पाळी आली आणि लाईट गेली. पोरांनी मला अंगणात ओढलं. "लय जाड हायेस, तूच गल्याथ. हलू नको." एकेक जण वचन म्हणून खडा मारायला लागला. माझं कपाळ फुटल्यावर बाई धावत आल्या आणि मारणाऱ्याला म्हणाल्या, "वचन चुकला नाहीस ना?" माझी पाळी पुढं कधी आलीच नाही, पण प्रत्येक खड्याआधी ऐकलेलं ते वचन मला आजही तोंडपाठ आहे.