माधवच्या पिकअपमधली माझी जागा

फोन वाजला तेव्हा मी बनारसला रामघाटाच्या पायऱ्यांवर पुण्याच्या एका यजमानांचं श्राद्ध चालवत होतो. पिंड मांडून झाले होते, यजमान हातात तीळ-पाणी घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होते. पिशवीतून फोन काढून पाहिला. पुतणीचं, मुक्ताचं नाव. ही मुलगी एरवी मला फोन करत नाही. मी तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मग माझ्या धाकट्या भावजयीचा, सुनंदाचा आला. माझा धाकटा भाऊ माधव याचं हृदय गेल्या वर्षापासून कुरकुरत होतं. काय झालं असणार ते मला कळलं आणि कळल्यामुळेच मी फोन घेतला नाही. भाऊ गेल्याची बातमी कानावर पडली की सुतक लागतं, आणि सुतक लागलेल्या गुरुजीच्या हातून कोण श्राद्ध करून घेणार? तेव्हा कानावर पडू द्यायचीच नाही! सुरू झालेल्या कर्माला सुतक आड येत नाही असंही शास्त्र सांगतं, हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. पण त्या वेळी मला शास्त्र आठवलं नाही, यजमानांचा चेहरा तेवढा दिसत होता. ते चुळबुळतील, उठतील, दुसऱ्या गुरुजींकडे जातील... मी फोन पिशवीच्या तळाशी घातला, वर पंचांग ठेवलं आणि पुढचा मंत्र म्हटला. पाऊण तासाने, दक्षिणा आणि नमस्कार वगैरे सगळं आटोपल्यावर, मी सुनंदाला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, गेले हो."

त्याला आता दीड महिना झाला. घरी मी सांगितलं की फोनचा आवाज बंद होता. कोणी काही विचारलं नाही.

माधव माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमचं घर मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत. पिढ्यान्‌पिढ्या इथे वेदपठण आणि घाटावरची कर्मं, दुसरा धंदा ठाऊक नाही. दोघांनाही वडिलांनी पाठशाळेत घातलं. माझ्यापेक्षा त्याचं पाठांतर चांगलं होतं, पण संथा संपली की हा जायचा नावा दुरुस्त करणाऱ्यांकडे आणि डांबराने काळे हात घेऊन घरी यायचा. अंगणातला हापसा बिघडला की बाराव्या वर्षी तोच उघडून बसायचा. मी जवळच सोवळ्यात संध्येला बसलेला असायचो. तो म्हणायचा, "नाना, तो पाना दे ना जरा." मी हात लावत नसे, काठीने पाना त्याच्याकडे ढकलत असे. तो हसत हसत उचलून घ्यायचा. आज वाटतं, आम्हा दोघांचं सगळं आयुष्य त्या काठीच्या दोन टोकांना गेलं.

पुढे तो रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला, चांगला नावाजला, क्वार्टरमध्ये संसार थाटला. निवृत्त झाल्यावर मात्र राहायला घरीच आला, सुनंदा, मुक्ता आणि दोन कुत्री घेऊन. मोती आणि चिमणी ही त्यांची नावं. जात विचाराल तर बनारसी, रस्त्यावरची. मोतीच्या मागच्या पायावरून कधीतरी स्कूटर गेलेली, तो एक पाय जरा ओढत चालतो. मी दारातच उभा राहिलो. आत देवघर आहे, वेदपाठ चालतो, यजमान उठतात-बसतात, कुत्री उंबऱ्याच्या आत येणार नाहीत, असं मी स्वच्छ सांगितलं. भैरवाच्या या गावात कुत्र्याला कोणी हाड म्हणत नाही, रोज श्राद्धात यजमानांच्या हातून कुत्र्याचा घास मी स्वतः काढून ठेववतो. पण तो ठेवायचा घराबाहेर. माधवने वाद घातला नाही. मैदागिन चौकाच्या पुढे त्याच्या एका मित्राची लाकडाची वखार होती, तिथे त्याने कुत्र्यांची सोय केली आणि सकाळ-संध्याकाळ तिकडे जाऊ लागला. महिन्याभराने त्याच वखारीत एक जुनी पिकअप येऊन उभी राहिली. "घरात जागा नाही ना, मग जागेलाच चाकं लावतो," असं तो मला म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता. माधवला टोमणे येत नसत. ते खातं घरात माझ्याकडे होतं.

ती गाडी आधी बटाट्याच्या व्यापाऱ्याकडे होती. पहिले पंधरा दिवस मातीचा वास घालवण्यात गेले. मग त्याने मागच्या हौद्यावर लोखंडी पाइप वाकवून कमानी बसवल्या, त्यांवर तिरपाल ताणलं आणि आतून मच्छरदाणी लावली. जुन्या कपाटाच्या पट्ट्या काढून त्यांवर सरकणारे खण केले. एकात भांडी, एकात अंथरुणं, एकात कुत्र्यांचं खाणं. खणांवर फळ्या, म्हणजे रात्री झोपायला पलंग तयार. गॅसच्या छोट्या टाकीच्या खोक्याला त्याने मुद्दाम तळाशी भोकं पाडली, कारण गॅस गळला तर खाली बसतो, वर जात नाही, हे त्याने मला दोनदा समजावून सांगितलं. मोतीला उडी मारता येत नाही म्हणून चढायला काथ्या ठोकलेली उतरती फळी केली. कुत्र्यांच्या साखळ्या अडकवायच्या कड्या भिंतीला न लावता तळाला लावल्या, वळणावर धक्का बसला तर गळ्याला हिसका बसू नये म्हणून. हे सगळं मला कसं माहीत? तो रोज जेवताना सांगायचा. मी आमटीत भात कालवत हूं हूं करायचो आणि घाटावर दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल करून लोकांना हसवायचो. "आमच्या बंधूंनी कुत्र्यांसाठी फिरती धर्मशाळा काढली आहे," हा माझा विनोद रामघाटावर बराच चालला.

थंडीत ते चौघे, म्हणजे दोघं नवरा-बायको, मुक्ता आणि मध्ये शेपट्या हलवणारी ती जोडी... पाच जण म्हणायला हवं. कधी राजदरीचा धबधबा, कधी विंध्याचलाच्या पलीकडचं जंगल, शनिवारी जायचे आणि सोमवारी यायचे. सुनंदा आयुष्यभर स्वयंपाकघरातून बाहेर न पडलेली बाई, ती नदीकाठच्या दगडावर बसून चहा पितानाचा फोटो मुक्ताने मला दाखवला होता. मला ती ओळखू आली नाही. दर वेळी माधव विचारायचा, "नाना, चल ना एकदा." दर वेळी मी म्हणायचो, "कुत्र्यांच्या पंगतीला मला बसवू नकोस."

एक दिवस त्याने मला वखारीत नेलंच. हौद्यात पुढच्या बाजूला, ड्रायव्हरच्या पाठीशी, त्याने गुडघाभर उंचीची फळी आडवी घातली होती, जायला-यायला मध्ये हातभर वाट सोडून. फळीच्या पलीकडे एक माणूस ऐसपैस बसेल आणि झोपेल एवढी जागा. तिथे वेगळी पाण्याची टाकी, तिला वेगळी तोटी, वेगळी शेगडी, तांब्याचं भांडं ठेवायला गोल खाच पाडलेली फळी, सोवळ्याची धाबळी वाळत घालायला दोरी. बाजूने तिरपाल कापून वेगळं दारसुद्धा केलं होतं, म्हणजे मला कुत्र्यांच्या वाटेने चढायला नको. "ही तुझी जागा," तो म्हणाला. "पाणी वेगळं, चूल वेगळी. आता तर काही अडचण नाही ना?" माणूस दुसऱ्याच्या हट्टासाठी इतकं बारीक मोजमाप घेतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. आणि भरून आलं की मी जे करतो तेच केलं. "बघू," म्हणालो.

पण मुक्ताने पिच्छा सोडला नाही. "नानाकाका, एक बार येऊन तर बघा. पसंत नाही आलं तर परत कधी नाही म्हणणार." शेवटी माघात एका शनिवारी मी निघालो. सकाळी सातला वखारीच्या दारात गाडी उभी, सुनंदा पुढे बसलेली, मुक्ता मागे कुत्र्यांना चढवत होती. माधव अर्ध्या चड्डीत, हातात ग्रीसचा डबा. मी धोतर-उपरण्यात, पिशवी घेऊन, गाडीत पाय टाकणार... तेवढ्यात मागून हाक आली, "गुरुजी!" नागपूरचे एक यजमान, सहकुटुंब, दर्शनाला निघालेले. मोठं घराणं, तीन पिढ्या आमच्याकडे येणारं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, कुत्र्यांकडे पाहिलं. "ही काय तुमची गाडी? कुठे निघालात?"

मी म्हणालो, "छे हो! भाड्याची आहे. सामान पाठवतो आहे एका ठिकाणी. हा ड्रायव्हर."

मी बोट दाखवलं होतं. ते बोट कुणाकडे होतं ते माधवने पाहिलं. मग त्याने डबा खाली ठेवला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि हिंदीत म्हणाला, "सामान रख दिया, पंडितजी. हम निकलें?" यजमानांना संशय येऊ नये एवढ्या सफाईने म्हणाला. मी मान हलवली आणि त्या मंडळींबरोबर दर्शनाला चालू लागलो. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही, पण हौद्यात मुक्ता उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं, हे मला माहीत होतं.

सोमवारी माधव परत आला. माझी पिशवी आणून दिली. तिकडे पाणी किती होतं, चिमणी माकडांना पाहून कशी लपली, सगळं जेवताना नेहमीसारखं सांगितलं. त्या सकाळबद्दल एक अक्षर बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. भांडला असता तर मी उलटून भांडलो असतो, त्यातून काही तरी मोकळं झालं असतं. मुक्ताने मात्र त्या दिवसापासून मला नानाकाका म्हणणं सोडलं. नुसतं काका, तेही गरज पडली तर. मी दर आठवड्याला ठरवायचो की आज माधवशी बोलायचं. मग घाटावर कोणी तरी यायचं, कसलं तरी कर्म निघायचं, आणि वैशाख आला.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. त्या सकाळी मुक्ताचा पहिला फोन आला तेव्हा माधव गेलेला नव्हता. मी मरणाची बातमी टाळत होतो आणि माझा भाऊ जिवंत होता! चौथ्या दिवशी सुनंदानेच सांगितलं. वखारीत गाडीचं तिरपाल बांधता बांधता त्याच्या छातीत दुखायला लागलं. सुनंदा आणि मुक्ता तिथेच होत्या, त्यांनी रिक्षा केली. दोन्ही कुत्री हौद्यात साखळीला बांधलेली, गाडी उन्हात, वखार त्या दिवशी बंद. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "नानाला लाव. तो जवळ आहे. म्हणावं, कुत्र्यांना सोड, सावलीत ने." हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत तो विचारत होता, "लागला का नानाचा?" माझं घाटावरचं आसन वखारीपासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर. मी त्या वेळी एका अनोळखी माणसाच्या आजोबांच्या नावाने दर्भाच्या टोकावर कुत्र्याचा घास काढून ठेववत होतो. दुपारी वखारीच्या रखवालदाराला भुंकणं ऐकू आलं म्हणून ती जनावरं वाचली. सुनंदा सांगत होती आणि मी मान खाली घालून म्हणालो, "फोनचा आवाज बंद होता गं." दुसऱ्यांदा म्हणालो.

नागपूरचे ते गृहस्थ वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. त्यांना सांगायचं आहे, त्या सकाळी तुम्ही पाहिलात तो ड्रायव्हर नव्हता. तो माझा सख्खा भाऊ होता आणि मी ज्या गाडीतून पाय मागे घेतला तिच्यात त्याने माझ्यासाठी चूल मांडली होती.

लेख पाठवण्याआधी परवा सकाळी मुक्ताला वखारीत नेलं. छापून आलेलं तिने एकटीने वाचावं, हे मला बरं वाटेना. गाडीला अजून कोणी हात लावलेला नाही. मी बाजूच्या दारातून चढलो आणि पहिल्यांदा फळीच्या त्या अंगाला बसलो. पाठीला भिंत बरोबर टेकली, गुडघे कुठे अडले नाहीत. मुक्ता कुत्र्यांच्या बाजूला बसली. सगळं वाचून दाखवलं. फोनचं ठिकाणही वाचलं. ती मोतीच्या कानामागे खाजवू लागली. मग म्हणाली, "मला मालूम होतं, काका. आवाज बंद असता तर पूरी घंटी जाते. तुमचा दो बार मध्येच कटला."

म्हणजे दीड महिना ही पोर जाणून होती आणि आईला बोलली नव्हती. मी तोंड लपवायला खाली वाकलो. मोतीला काय वाटलं कोण जाणे, तो उठला, पाय ओढत माझ्याकडे आला आणि फळीतल्या वाटेशी थांबला. मध्ये काही आडवं नव्हतं. तरी तो तिथेच बसला.

"तो नाही येणार," मुक्ता म्हणाली. "बाबांनी शिकवलंय दोघांना. महिनाभर रोज बिस्कुट घेऊन बसायचे. म्हणायचे, नानाची जागा आहे, तिकडे नाही जायचं."

मी हात पुढे केला. ये म्हटलं, मग आ जा म्हटलं. दोन-तीनदा म्हटलं. मोतीने शेपटी हलवली, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि पुढचे पंजे फळीच्या त्याच्या बाजूला नीट जुळवून तो तिथेच बसून राहिला.