एक डबी भरल्या पोटी

सुनंदाताई रिसेप्शनवर येऊन बसल्या होत्या आणि मुलीला भेटायला आले, एवढंच सांगत होत्या. ही रिसर्च लॅब आहे, इथे पेशंट नसतात, असं त्यांना दोनदा समजावून झालं. शेवटी मला खाली बोलावलं. त्यांची मनू दीड महिन्यापूर्वी गेली होती. सहा वर्षांची.

चूक माझीच होती. मनूला मायटोकॉन्ड्रियाचा आजार असावा असा डॉक्टरांना संशय होता. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतले बारीक भाग, अन्नातून ताकद काढून देणारे. ते बिघडले की खाल्लेलं अंगी लागत नाही. मनूचं आधी चालणं गेलं, मग गिळणं. तपासणीसाठी तिच्या दंडावरून डाळीच्या दाण्याएवढा त्वचेचा तुकडा घेतला होता आणि त्यातल्या पेशी आम्ही वाढवत होतो. याला कल्चर म्हणतात. लॅब नवी, इनक्युबेटर नवा. नीट जीव धरलेलं हे पहिलंच कल्चर. मनू गेल्यावर आठवड्यानं सुनंदाताईंचा त्यांच्या गावाहून, खाप्याहून फोन आला, त्या तुकड्याचं काय झालं म्हणून. मी कामाच्या सवयीनं बोलून गेले, "एकदम मस्त वाढताहेत पेशी." कोणाला काय सांगितलं, ते फोन ठेवल्यावर कळलं.

कल्चर रूममध्ये बाहेरच्या माणसाला नेत नाहीत. आमचे प्रमुख ठवरे सर नाहीच म्हणाले असते, म्हणून मी विचारलंच नाही. सुनंदाताईंना एप्रन आणि टोपी घातली, मायक्रोस्कोपखाली प्लेट ठेवली. प्लेट म्हणजे तळहातात मावणारी प्लास्टिकची गोल डबी. त्यांनी कितीतरी वेळ डोळा काढला नाही.

"यातली कोणती मनू?"

"सगळ्याच."

मग त्यांनी विचारलं, डबीत हे गुलाबी पाणी कशाचं. मी म्हटलं, मीडियम, पेशींचं जेवण. सोमवार, बुधवार, शुक्रवार बदलतो, त्याला आम्ही फीडिंग म्हणतो. त्यांचा चेहराच बदलला. शेवटचे चार महिने मनूला नाकातल्या नळीनं दूध द्यावं लागत होतं.

"म्हणजे इथं खाऊन राहिली ती," त्या म्हणाल्या. "माह्या हातचं तं तिले एक घास उतरत नव्हता."

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण पुढच्या सोमवारी टेस्ट होती. आपल्या पेशी ग्लुकोजवर जगतात, आणि मायटोकॉन्ड्रिया बिघडलेले असले तरी त्या साखरेवर कशाबशा तगतात. म्हणून ग्लुकोज काढून घ्यायचं आणि गॅलॅक्टोज नावाची दुसरी साखर द्यायची. मग मायटोकॉन्ड्रियाला राबण्यावाचून गत्यंतर नसतं. धडधाकट पेशी निभावून नेतात. आजारी पेशी दोन-तीन दिवसांत मरतात. मनूच्या जनुकांत एक बदल सापडला होता, पण आजार त्याच्यामुळेच झाला का, ते नक्की होत नव्हतं. आणि तोच बदल तिच्या आठ महिन्यांच्या भावात होता.

संमतीपत्रावर त्यांची सही आधीच झालेली होती, सांगायचं बंधन नव्हतं. पण जेवणाचं ऐकून उजळलेला तो चेहरा घेऊन त्यांना खाप्याला जाऊ देणं मला जमेना. मी सगळं सांगितलं.

"उपाशी ठेवून मारता तिले?"

मी हो म्हटलं.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाल्या, "धाकट्यासाठी लागते तं करा. पण एक डबी भरल्या पोटी ठेवा, म्याडम."

टेस्ट झाली. बुधवारी गॅलॅक्टोजच्या प्लेटमध्ये पेशी मरून, तळ सोडून तरंगत होत्या. रिपोर्टसाठी याहून स्पष्ट निकाल नको. धाकट्याला कोणती औषधं चालणार नाहीत, त्याला किती वेळापेक्षा जास्त उपाशी ठेवायचं नाही, हे आता त्याच्या फाइलवर पहिल्याच पानावर आहे.

एक प्लेट मात्र मी चालू ठेवली. ठवरे सरांनी विचारलं, ही कोणत्या प्रोजेक्टची? मी म्हटलं, बॅकअप. दर शुक्रवारी दुपारी सुनंदाताईंचा फोन यायचा. "जेवली का?" "जेवली." बस, एवढंच. माझी मुलगी बंगळुरूला असते, जेवलीस का विचारलं की चिडते. त्या फोनची मी वाट पाहायला लागले, हे कबूल करते.

त्वचेच्या पेशी कायम वाढत नाहीत. ठरावीक वेळा दुभंगतात आणि थांबतात. मनूच्या लवकर थांबल्या. दोन शुक्रवार मी खोटं बोलले. तिसऱ्या शुक्रवारी सांगितलं, मीडियम देतेय, पण त्या वाढत नाहीत.

पलीकडे धाकटा रडत होता. त्याला कडेवर घेतल्याचं ऐकू आलं.

"मंग आता नका देऊ," सुनंदाताई म्हणाल्या. "शेवटी घरीबी जबरदस्तीच केली होती मी."

प्लेट मी स्वतः टाकली. नंतर हात धुवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

आमच्या संमतीपत्रात आता एक ओळ वाढली आहे: पेशंट गेल्यानंतरही पेशी काही महिने जिवंत राहू शकतात, तुम्हाला कळवत राहायचं का? ठवरे सर म्हणाले होते, लोक घाबरतील. अजून एकाही आईनं 'नाही'वर खूण केलेली नाही. शुक्रवारी दुपारी मी मीटिंग ठेवत नाही. फोन असतात.