दोनदा काढलेलं अपेंडिक्स

माझं अपेंडिक्स दोनदा काढलं आहे. पहिल्यांदा ते आईने काढलं, नुसत्या जिभेने.

मी चार वर्षांची असताना माझ्या डाव्या किडनीला कॅन्सर झाला. साठच्या दशकातली गोष्ट. मुंबईला नेऊन किडनी काढली, नंतर रेडिएशनचे शेक दिले आणि मी वाचले. पिंपरीला आमच्या कामगार चाळीत परतलो तर नळावर बायकांच्या चौकशा सुरू. तो आजार लागतो असंच तेव्हा लोक समजत. माझ्याशी कुणी आपली पोरं खेळू दिली नसती, आणि पुढे लग्नाचं तर नावच नको. आईने ठोकून दिलं, "अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं." त्याला एवढा हातभर व्रण कसा, असं कुणी विचारलं की म्हणायची, "फार सुजलं होतं हो."

खरं ठाऊक होतं आमच्या डॉक्टरांना. स्टेशनजवळ त्यांचा एका खोलीचा दवाखाना होता. मुंबईच्या डॉक्टरांनी मला त्यांच्याच पदरात घातलं होतं. सुरुवातीला दर महिन्याला, नंतर वर्षाकाठी, मी त्यांच्या टेबलावर आडवी व्हायची. ते तळहात एकमेकांवर चोळून गरम करायचे, आधी डावीकडे दाबून बघायचे, मग सगळं पोट. वजन, ब्लडप्रेशर, पाठीचा कणा सरळ वाढतोय ना, सगळं व्हायचं. जाताना ठरलेलं वाक्य, "पाणी पितेस ना? एकुलती एक आहे, लाडात वाढव तिला." लहानपणी मला वाटायचं, पोटात कुणीतरी धाकटी बहीण आहे. कळत्या वयात त्यांनीच आईला बाहेर बसवून मला सगळं नीट सांगितलं.

लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, "नवऱ्याला तू स्वतः सांगायचंस." मी सांगितलं. तो कंपनीत फिटर होता. म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. पण माझ्या आईला नको, ती घोर लावून घेईल." माझ्या आईला तर वाटे, सासूला कळलं की पोर माघारी आलीच. त्यामुळे अपेंडिक्स माझ्याबरोबर रुखवतात गेलं.

वर्षभरात एके सकाळी पोट असं दुखायला लागलं की सरळ उभं राहवेना. नवरा फर्स्ट शिफ्टला. सासूबाईंनी रिक्षा करून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तरुण सर्जन पोट तपासत म्हणाला, "अपेंडिक्स दिसतंय."

सासूबाई बीडकडच्या. लगेच म्हणाल्या, "ते तर लहानपणीच काढलंय की हिचं."

त्याने व्रणाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "मग दुसरं काहीतरी असेल. थोडं थांबून बघू."

मी बोलले नाही. मला वेगळीच भीती होती. कॅन्सर परत आला असणार, असंच वाटत होतं, आणि ते सासूबाईंसमोर ऐकायची माझी छाती नव्हती.

निरोप मिळताच आई धावत आली. सासूबाईंनी दारातच विचारलं, "विहीणबाई, अपेंडिक्स काढलेलं हाय ना हिचं?" आईला हो म्हणवेना की नाही म्हणवेना. माझ्याकडे बघितलं आणि आली तशी निघून गेली. सासूबाई बघतच राहिल्या.

आई परतली ती डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे बसून. वडिलांच्या सायकलवर बसायलासुद्धा लाजायची माझी आई.

डॉक्टरांनी सर्जनची परवानगी घेतली आणि हात चोळले. आधी डावीकडे दाबून बघितलं, सावकाश. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "इथं काही नाही. तो परत आलेला नाही." मला रडू फुटलं. नंतर उजवीकडे खाली बोटं टेकवली आणि मी किंचाळले.

"हे अपेंडिक्सच. जिथल्या तिथं आहे," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "सांगू आता?"

मी मान हलवली. सासूबाईंच्या देखत त्यांनी सर्जनला सांगितलं. लहानपणी कॅन्सर झालेला, डावी किडनी काढलेली, शेक दिलेले. उरलेल्या किडनीला जड जाईल असं औषध नको. आईने पदर तोंडाला लावला. आता सासूबाई मला माहेरी धाडणार, असं मनात आलं, तोवर मला आत नेलं.

ऑपरेशन नीट झालं. पाणी प्यायची परवानगी मिळाली त्या दिवशी दोघी विहिणी खाटेशी बसल्या होत्या.

"विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या, "एवढंसं लेकरू घेऊन तुमी येवढं सोसलं, अन् मला अपेंडिक्स सांगितलं. मी काय वैरीण हाय का?"

आई ढसाढसा रडायला लागली. सासूबाईंनी तिला रडू दिलं. मग पेला भरून माझ्या ओठांना लावला.

"पी," म्हणाल्या. "डाक्टर सांगून गेलेत मला. एकुलती एक हाय, लाडात वाढवा."