विषयाच्या रकान्यात एकच शब्द

परवा पुण्याहून नातीचा फोन आला... आजोबा, एम.ए.ला ॲडमिशन मिळाली! विषय कोणता, असं विचारलं तर हसली. म्हणे, एक नाहीच. साहित्य, इतिहास, पर्यावरण, थोडं संख्याशास्त्र... आपापला अभ्यास आपणच बांधायचा.

"तुमच्या वेळी असं असतं तर तुम्ही हेच केलं असतं ना?" मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. पण ते उत्तर पुरतं खरं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलोय.

एकोणीसशे बासष्ट-त्रेसष्टचा सुमार असेल. रायगडला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत आणि मी दिघीच्या शाळेत मास्तर होतो. खाडीपलीकडे आगरदांडा, आणि ये-जा करायला धर्मानानांची होडी. नाना कोळी, साठीच्या घरातले. शाळेत कधी गेले नाहीत, पण भरतीची वेळ त्यांना घड्याळ न बघता सांगता यायची.

युक्ती तशी सगळ्या किनाऱ्याला ठाऊक. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. शाळेच्या ओट्यालगत जाळं विणताना मुलांची पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, कानावर पडायची, ती नानांना पाठ झालेली.

पण नाना ती नुसती घोकत नसत. वल्हं मारता मारता गायचे आणि प्रत्येक तिथीला स्वतःची ओळ जोडायचे... "दुजेला दीड, सोड रं शीड. तिजेला सव्वादोन, बंदरावं उभं कोन?"

मी पडलो कवितावेडा. मुलांकडून चालीवर कविता म्हणवून घेताना स्वतःच खिडकीबाहेर हरवणारा! मला वाटलं, अरे, यात पंचांग आहे, गणित आहे, समुद्र आहे आणि वर कविताही आहे. एम.ए.चा प्रबंध लिहायचाच होता, ठरवलं, यावरच लिहायचा. रविवारी होडीत बसून नानांच्या ओळी वहीत उतरवायला लागलो.

विद्यापीठाच्या फॉर्मवर 'विषय' असा रकाना होता. त्यात जागा जेमतेम एका शब्दाची. मी बारीक अक्षरात तीन लिहिले... मराठी, भूगोल, गणित. महिन्याभरात पत्र आलं, समक्ष येऊन खुलासा करा.

मी नानांना म्हटलं, तुम्ही चला. तुमच्या तोंडून ऐकलं की त्यांना पटेल. झालं! नाना गावभर सांगत सुटले, "गुरुजी मला नेतात. मुंबयच्या परफेसरांना भरती शिकवायची हाय."

होडी पुतण्याच्या हवाली करून नाना निघाले. धुतलेला सदरा, लाल टोपी. रेवसला आम्ही मुंबईची लाँच धरली, तर तिथं ती चालवणाऱ्या सारंगालाच त्यांनी आजची भरती सांगितली. सारंगानं मान डोलावली तेव्हा नाना माझ्याकडे बघून असे काही हसले... बघितलंत?

विद्यापीठातल्या खोलीत तिघेजण होते. एक म्हणाले, हे मराठीत बसत नाही. दुसरे म्हणाले, भूगोलात तर नाहीच नाही. तिसऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मास्तर, पाऊणकीवर एम.ए.? उद्या बे एके बे घेऊन डॉक्टरेट मागाल!"

तिघं हसले. मीही हसलो... का हसलो, देव जाणे.

मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. नाना टोपी हातात धरून उभे होते, ओठ हलत होते. मनातल्या मनात उजळणी चालली होती. "आणि हे कोण?"

'हे माझे गुरू.' पहाटेपासून पाठ करून ठेवलेलं वाक्य. अगदी जिभेवर आलं होतं. आणि मी म्हणालो, "गावचे आहेत. सामान घेऊन आलेत बरोबर."

नानांचे ओठ थांबले. ते हळूच मागे सरकले आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले.

मी रकान्यातले दोन शब्द खोडले. एका जुन्या पोथीवर प्रबंध लिहायचं कबूल केलं... पुढं पदवी मिळालीही.

परतीच्या वाटेवर नाना रागावले नाहीत. लाँचवर त्यांनी फडक्यातली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दिघीला उतरलो, तर धक्क्यावर बायका मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या. त्यांत नानांची बायको, काशीवैनी. एकीनं लगेच हटकलं, "काय रं नाना, शिकवलास का परफेसरांना? का तुलाच बसवला पयल्या यत्तेत?"

सगळ्या खिदळल्या. काशीवैनी तेवढी हसली नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती... केवढ्या आशेनं! मला वाटलं, आता सांगतील, सगळ्यांसमोर सांगतील.

"छा! ती मी तुमची गंमत केली व्हती," नाना म्हणाले. "गुरुजींचा सामान जड व्हता. उचलाया गेल्तो."

माझं सामान म्हणजे खांद्यावरची एक कापडी पिशवी. सगळ्यांना दिसत होती. काशीवैनीनं एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान फिरवून माशा वारायला लागली. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोललो.

त्यानंतरही नानांनी कितीदा खाडी पार करून दिली. भरती विचारली की सांगायचे, पण नुसता आकडा. ओळ नाही. 'ओळही म्हणा' असं सांगायला मला तोंड नव्हतं. वहीत अष्टमीपर्यंतच्या ओळी आहेत, पुढची पानं कोरी.

माझा खोटेपणा त्या माणसानं आपल्या बायकोसमोर, आपल्या गावासमोर स्वतःच्या अंगावर घेतला. मी कधी आभार मानले नाहीत... मानायचे तर आधी काय केलं ते कबूल करावं लागलं असतं. आज करतोय. ऐकायला नाना नाहीत.