दोन्ही टोकं धरा!

मीरा रोडला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या शास्त्रज्ञांइतका कात्रीला भिणारा माणूस अख्ख्या उपनगरात नसेल, आणि गंमत म्हणजे त्यांचं सगळं संशोधन कापाकापीवरच होतं. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी घडताना स्वतःचीच जनुकं कापतात, तुकडे नव्या जुळणीनं जोडतात आणि कधी न पाहिलेल्या रोगालाही ओळखणारी हत्यारं बनवतात, हे त्यांनी मला जिन्यात, दुधाच्या रांगेत आणि एकदा तर मी दाढी करत असताना ऐकवलं होतं. "पण कापताना दोन्ही टोकं घट्ट धरलेली असतात हो! एक जरी सुटून भलतीकडे चिकटलं, तर कॅन्सरसुद्धा होऊ शकतो." हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा आणि माझ्या गालावरचा साबण वाळायचा.

घरातही हाच कायदा. पुडीचा दोरा कापायचा तरी "मनू, टोक धर!" अशी हाक, की त्यांची एकुलती लेक अभ्यास टाकून हजर. पेशी ठरलेल्या खुणेवरच कापते म्हणून पडवळावर आधी खडूच्या खुणा, मग सुरी. "अहो, भाजी करायचीय, प्रयोग नाही," काकू करवादायच्या.

सोसायटीच्या नव्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन त्यांच्या हस्ते करायची दुर्बुद्धी आमच्या गुजराती सेक्रेटरींना झाली. साहेबांनी फीत कापली आणि दोन्ही टोकं मुठीत धरून उभेच राहिले. "साहेब, अब छोडो ने!" "पहले जोडने का बंदोबस्त करो." मनूनं धावत जाऊन सेलोटेप आणली, फीत पुन्हा अखंड झाली आणि सगळी सोसायटी तिच्याखालून वाकून टाकी बघायला गेली.

मग मनूचं लग्न ठरलं, ते थेट गुवाहाटीला. लेकीशिवाय या माणसाचं कसं व्हायचं, याची आम्हालाच धास्ती. पाठवणीला ते रडले नाहीत. जावयाला एवढंच म्हणाले, "तिकडचं टोक तुमच्याकडे. सोडू नका." तो बिचारा घाबरून आपल्या उपरण्याचं टोक धरून गाडीत बसला.

त्यानंतर ते दोरे कापेनासे झाले, नखानं गाठी सोडवत बसायचे. मी एकदा टोक धरायला गेलो, तर म्हणाले, "राहू द्या, तुमची पकड सैल आहे."

एका रविवारी स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर मी त्यांच्या मागे रांगेत होतो. ते रिसीव्हर कानाला लावून गप्प उभे होते. बूथवाला म्हणाला, "अंकल, बात करो ना, मीटर चालू है."

त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "बात तो हो गई. वो भी उधर पकडके बैठी है."

मला तातडीचा फोन लावायचा होता, पण मी नंबराची चिठ्ठी पुन्हा खिशात घातली.