वन्संची होडी

माझी नणंद हट्टी आहे, हे माझं लग्न ठरण्याआधीच माझ्या कानावर आलं होतं. किती हट्टी, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी मागे फिरले नसते म्हणा. नवरा बरा होता.

वन्संचं कोपऱ्यावर केस कापण्याचं दुकान आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, मागच्या बाजूला डोकं धुवायचं बेसिन. कात्री त्यांच्याकडे, कलप आणि बेसिन माझ्याकडे. आरशाशेजारच्या खुंटीला एक इलेक्ट्रिक गिटार टांगलेली असायची. गडद निळी, दोन्ही बाजूंना अगदी सारखी आणि टोकाला निमुळती. आवाज कमी-जास्त करायची बटणंही पार शेपटाशी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कंपनीने या मॉडेलला नुसता अठ्ठावीस नंबर दिला होता. आमच्या घरात मात्र ती होडी.

होडी मुळात माझ्या नवऱ्याची. पहिल्या पगारातून घेतलेली. घरी आणल्या आणल्या त्याने शाळेत जाणाऱ्या बहिणीला बजावलं, "तारांना हात लावशील तर याद राख!" आता याद राखणाऱ्यांपैकी वन्सं असत्या, तर ही गोष्ट इथेच संपली असती. दादा कामावर गेला की यांनी गिटार काढायला सुरुवात केली. पण त्या डावखुऱ्या. तारा काढून उलट लावल्या असत्या तर चोरी पकडली गेली असती. म्हणून तारा तशाच ठेवून त्यांनी आख्खी गिटारच उलटी धरली. गिटारची मान उजव्या हातात, वाजवणं डाव्या हाताने आणि वर असायची ती जाड तार तळाशी. कुणी शिकवायला नव्हतं, त्यामुळे हे चुकतंय असं सांगायलाही कुणी नव्हतं. दादाला कळलं तोवर त्या त्याच्यापेक्षा चांगलं वाजवत होत्या. त्याने गिटार देऊन टाकली आणि पुन्हा शिवला नाही. "वेळ कुठे असतो?" असं म्हणतो. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय.

पुढे दुकान सुरू झालं आणि होडी दुकानात आली. एखाद्या डोक्यावर कलप लावून ठेवला, की तो मुरेपर्यंत वन्सं वाजवायच्या. लोक केस पांढरे नसताना कलप लावून घ्यायला यायला लागले, यावरून काय ते समजा. आमच्या भागात दुसरं कुणी गिटार वाजवत नाही. गिटार म्हणजे वन्सं, एवढंच लोकांना ठाऊक.

मग एका दुपारी खुंटी भिंतीच्या गिलाव्यासकट निघाली. होडी फरशीवर आपटली आणि तिची मान तुटली. सुताराने डिंक लावून, शिकंज्यात आवळून ती जोडून दिली. तारा ताणल्या की पुन्हा कडाड्. तिसऱ्यांदा तो हात जोडून म्हणाला, "ताई, मला कपाट सांगा, पलंग सांगा, हे नका सांगू."

वाद्यांच्या दुकानात नवीन घ्यायला गेलो तर अठ्ठावीस नंबर बंद. दुसऱ्या कुठल्याही गिटारला एका बाजूने चंद्रकोरीसारखी खाच. उलटी धरली की शिंग पोटात आणि बटणं कोपराखाली. मी म्हटलं, "वन्सं, डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते म्हणे." त्यांनी तीही धरून पाहिली. तिच्यात तारांचा क्रम उलटा, म्हणजे डावखुऱ्या जगाला सुलट आणि आमच्या वन्संना पुन्हा उलटाच. तारांची अदलाबदल करून दुकानदाराने ती पुन्हा हातात दिली. वन्संनी दोन सूर छेडले आणि खाली ठेवली.

"ही बोलते छान," त्या म्हणाल्या, "पण माझ्याशी नाही."

वाद्यांच्या दुकानाचा मालक वैतागला. "बाई, बंद झालेलं मॉडेल म्हणजे गेलेलं माणूस. परत येत नाही."

"माणसं बनवणारी कंपनी नाही," वन्सं म्हणाल्या. "होडी बनवणारी अजून आहे ना?" आणि त्या दिवसापासून त्यांनी त्या दुकानाची पायरी चढणं सोडलं.

तेव्हापासून आमचं दुकान मुकं झालं. नुसती कात्रीची कचकच. वन्सं कमी बोलायच्या आणि जास्त कापायच्या. "थोडेसेच" म्हणून बसलेला माणूस कानामागे गार वारा घेऊन घरी जायचा. मला खरंच भीती वाटायला लागली होती. या बाईचे हात एका कामासाठी जन्मले होते आणि ते काम बंद पडलं होतं. केस काय, कुणीही कापतं.

पण हट्ट कुठे जातो? एक दिवस बेकरीवाले खुर्चीत बसले होते. वन्संनी त्यांची मान खाली दाबली, वस्तरा मानेवर टेकवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊ, एक काम कराल? वाद्यांच्या दुकानात जायचं आणि अठ्ठावीस नंबरची गिटार आहे का विचारायचं. माझं नाव काढायचं नाही."

वस्तऱ्याखाली नाही कोण म्हणणार? बेकरीवाले गेले. मग पोस्टमन गेला. मग निवृत्त मुख्याध्यापिका, मग त्यांची विहीण. शेंडी तुटो की पारंबी, असा प्रकार. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला हेच काम. दुकानमालकाला संशय यायचा तर आमच्या खुर्चीत बसावं लागलं असतं, आणि त्याच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

"वन्सं, हे पालथ्या घड्यावर पाणी आहे," मी म्हणायची.

"ओतत राहायचं," त्या म्हणायच्या. "कधीतरी घडा कंटाळून सुलटा होतो."

आणि झाला हो! त्या सुमारास कंपनीने दुकानदारांना विचारलं, की जुन्या मॉडेलांपैकी कोणतं लोक मागतात? आमचा टकलू मालक "अठ्ठावीस, अठ्ठावीस" करत पेटूनच उठला असणार. जगात आणखीही कुणी होडी मागितली असेल, नाही असं नाही. पण तसं वन्संपुढे म्हणायची सोय नाही. अठ्ठावीस नंबर परत आला. मालकाने सहा गिटार मागवल्या आणि चौकशी करून गेलेल्या सगळ्यांना रविवारी दुपारी आपल्या दुकानात बोलावलं.

सगळे आले. न येऊन सांगतात कुणाला? वन्संनीच तंबी दिली होती. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मी आणि माझा नवरा मागे भिंतीला चिकटलो. वन्सं दाराबाहेर थांबल्या, खांद्यावर आमच्या दुकानातला टॉवेल तसाच. त्यांची बोटं टॉवेलचं टोक पिळत होती. इतकी वर्षं ज्यासाठी हट्ट धरला ती समोर भिंतीवर टांगलेली, आणि आत यायला पाय उचलत नव्हता. मला कळलं त्यांना कशाची धास्ती आहे. होडी आली, पण हात राहिलेत का?

मालकाने एक होडी काढून हसतमुखाने बेकरीवाल्यांना दिली. "घ्या, धरून बघा."

बेकरीवाल्यांनी ती धरली. मान उजव्या हातात.

"उलटी धरलीत," मालक म्हणाला आणि त्याने ती पोस्टमनला दिली. पोस्टमनने धरली. मान उजव्या हातात. मुख्याध्यापिकांनी धरली, तीही तशीच, वर तोऱ्यात. मालक एकेकाच्या हाताकडे बघत राहिला. मग त्याची नजर एकेकाच्या डोक्यावर गेली. कानामागे तोच गार वारा खाणारी तीच कापणी. सगळ्यात शेवटी त्याने दाराकडे पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "आत या."

त्या आल्या. त्याने होडी त्यांच्या हातात दिली आणि तिची वायर जोडली. वन्संनी ती उलटी धरली. पहिला सूर घसरला. दुसराही अडखळला. त्यांनी हात थांबवला, तळवा टॉवेलला पुसला, टॉवेल माझ्याकडे फेकला आणि पुन्हा सुरुवात केली.

काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. जाड तार तळाशी असल्यामुळे त्यांचा हात खालून वर उसळतो, त्यामुळे प्रत्येक सूर उठून उभा राहिल्यासारखा येतो. इतकी वर्षं आमच्या दुकानात जी कचकच साठली होती ती सगळी त्या आवाजात वाहून गेली. मी रडले. लाज कसली त्यात? शेजारी नवरा नाक ओढत होता आणि धुळीला दोष देत होता.

वाजवणं थांबलं. टाळ्या अशा पडल्या, की काउंटरवरचा पाण्याचा ग्लास थरथरला.

"ही तुमची झाली," मालक डोळे पुसत म्हणाला. "पण या बाकीच्या पाचांचं मी काय करू? या मंडळींना घ्यायची कुठे होती?"

"टांगून ठेवा," वन्सं म्हणाल्या. "मी संध्याकाळी येऊन वाजवत जाईन. बघू किती दिवस टिकतात."

"पाच नाही, चार," माझा नवरा म्हणाला. मी वळून बघते तो हा गर्दीतून पुढे. कान लाल. "एक मला. वेळ... काढता येईल."

भिंतीवरची दुसरी होडी वन्संनी स्वतः काढली आणि त्याच्या पुढे धरली.

"दादा, तारांना हात लावशील तर याद राख!"

तो हसला, त्या हसल्या. त्याने पट्टा खांद्यावर घेतला आणि कितीतरी वर्षांनी होडी हातात धरली, कंपनीच्या मते धरायची असते अगदी तशीच, मान डाव्या हातात.

"अहो," बेकरीवाले मागून ओरडले, "उलटी धरलीत!"

आणि आख्ख्या दुकानाने माना डोलावल्या.