पेणकरपाड्यातली हॉर्नेट

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, कारण बंदूक बघायला गेलेल्या माणसाची जी फजिती झाली, ती माझी आहे.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी आणि आई इंद्रलोक कॉलनीत राहायचो. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे रविवार रिकामे, म्हणून रायफल क्लबात जायला लागलो. क्लबची रायफल वापरून वापरून स्वतःची हवीशी वाटायला लागली. लायसन खेटे घालून मिळवलं, पण नव्या रायफलीचा भाव ऐकून हात हलवत घरी आलो.

क्लबात पटवर्धन म्हणून एक होते. ते म्हणाले, "बावीस हॉर्नेटवाली रायफल घे. शेतात शिरणारे ससे-कोल्हे मारायला बाहेरच्या देशांत वापरायचे, ते जुनं काडतूस. आता कोण विचारतोय? म्हणून रायफल स्वस्तात मिळते. पेणकरपाड्यात एक राणे आहेत, रिटायर्ड. त्यांना विकायचीय. मी सांगून ठेवतो, रविवारी बघून ये."

झालं. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी पेणकरपाड्यात. समोरच्या माणसाने आपल्याकडे बघून भाव कमी करावा, म्हणून थोडं नीटनेटकं गेलेलं बरं, नाही का?

नाक्यावरच्या वाण्याला विचारलं, "राणे किधर रहते हैं?"

"ऊपरवाले या नीचेवाले? दो भाई हैं."

"वो पता नहीं. देखने आया हूँ."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "देखने आए हो? तो फिर नीचेवाले."

खालच्या राण्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या, या. वाटच बघत होतो. एकटेच? आईंना नाही आणलंत?"

"आईला यातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

ते जरा चपापले. मग म्हणाले, "असू दे. आजकाल मुलं स्वतःच ठरवतात."

पोहे आले. वर खोबरं, कोथिंबीर. मनात म्हटलं, रायफल विकणारा माणूस इतका अगत्यशील? पटवर्धनांनी फारच चांगलं सांगितलेलं दिसतंय.

मी मुद्द्यावर आलो. "तशी जुनी आहे ना?"

"जुनी?" राणे म्हणाले. "सव्वीस पूर्ण झाली."

"सव्वीस म्हणजे काहीच नाही हो. मी चाळीस-पन्नास धरून चाललो होतो."

आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. राण्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तुमचं मन मोठं आहे," ते म्हणाले.

"आधी कुणाकडे होती?"

"आधी कुठे असणार? आमच्याच घरात."

पहिल्याच मालकाकडची. मला तर आनंदाने पोहे गिळवेनात. "फार आवाज करत नाही ना? धक्का वगैरे?"

"छे, छे. स्वभावाने एकदम शांत."

आता राहिला भाव. मी घसा खाकरला. "राणेसाहेब, स्पष्टच बोलतो. मला जरा स्वस्तात जमवायचंय. तुमची अपेक्षा काय?"

"आमची काही अपेक्षा नाही. तुम्ही फक्त नीट सांभाळा."

फुकट. विश्वास ठेवा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या जमान्यात अशी माणसं कुठे मिळतात? मी गहिवरून म्हणालो, "सांभाळीन. दर रविवारी तेलपाणी करीन. फक्त एकच शंका आहे. इतकी वर्षं ठेवून ठेवून तिची नळी आतून गंजलेली नाही ना?"

नेमकी त्याच वेळी मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

तिने माझ्याकडे बघितलं. मग वडिलांकडे. राणे उभे राहिले. "कसली नळी?"

"हॉर्नेटची," मी म्हणालो.

"तुम्ही काशिमीऱ्याच्या साळव्यांचे चिरंजीव ना?"

"नाही. मी रायफल बघायला आलोय."

मुलीने ट्रे शांतपणे टीपॉयवर ठेवला आणि म्हणाली, "काका वर राहतात." मला चहा मात्र दिला नाही.

बाहेर पडतोय तोच जिन्यापाशी खरे साळवे भेटले, आई-वडील, मामा, सगळे. मी त्यांच्या मधून वाट काढत वर गेलो. थोरल्या राण्यांनी रायफल दाखवली. काय ठेवली होती म्हणता. नळी आरशासारखी. पण माझं सगळं लक्ष खालच्या दाराकडे, भाव विचारायचंसुद्धा सुचेना. "आठवड्याने कळवतो," म्हणून मी पळ काढला.

आठवड्याने ऑफिसातून फोन केला तर रायफल गेलेली. मुलगी बघायला आलेल्या साळव्यांची वाडा तालुक्यात बागायत होती, पिकं राखायला बंदुकीचं लायसनही होतं. त्या दिवशी वरती चहाला गेले आणि सौदा करून आले. मुलीचं तिथे जमलं नाही, पण रायफलीचं जमलं.

मी तोंड पाडून घरी आलो, तर आई फोन खाली ठेवत होती.

"पेणकरपाड्याहून राण्यांचा फोन होता. पटवर्धनांकडून नंबर घेतला म्हणे. मुलीचा नकार आहे."

"आई, मी मुलगी बघायला गेलोच नव्हतो."

"सांगितलं मी त्यांना तसं."

"मग?"

"ते म्हणाले, तरीसुद्धा नकारच समजा."